खांबापाशी धरलेली जागा

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं आणि कुणीतरी एक फोन आपटतं, म्हणून भावोजींनी ठरवून दिलं तसं लिहायला बसले. माझं अक्षर तुला माहीत आहे. लागलं नाही तर सुनेकडून वाचून घे. शाळा लवकर सुटली ती सुटली, आता त्याचं काय.

माझ्या घुम्याचं काय चाललंय म्हणून विचारलंस. मला कळलं तर सांगते ना. कुरियर ऑफिसातली बरी नोकरी सोडून हा माझ्या शिवणाच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसलाय. माझं मशीन पॅसेजमध्ये. येणारा-जाणारा पायडलला ठेचकाळतो आणि वर मलाच बोलतो. काल एक बाई पँटची चेन बसवायला आली, तिला बसायला सांगू तर कुठे, बुटांच्या मांडणीवर?

तर हा गेम बनवतो. एकटाच. मी म्हटलं गाड्यांचा का मारामारीचा, तर तसला नाही. रांगेचा. एक मोठा हॉल, त्यात रांग, रांगेच्या टोकाला खिडकी. आपण रांगेत उभं राहायचं. मी म्हटलं, लोक आयुष्यभर उभे राहून वैतागलेत, ते घरी येऊन परत कशाला उभे राहतील? हा हसला आणि कानात ती हेडफोनची बोंडं घातली. संपलं बोलणं.

त्यात आणखी एक. अर्धवट झालेला गेम हा बाहेरच्या लोकांना खेळायला देतो. ते मत कळवतात, की हा बसला बदलत. एकाने लिहिलं रांग फार लांब आहे, याने आखूड केली. दुसऱ्याने लिहिलं आता मजाच गेली, याने परत लांब केली. मी सांगितलं, एकच शिवण सारखी आत घे, बाहेर सोड केलीस की शेवटी भोकं उरतात. तर म्हणाला, आई, हा कपडा नाही. नसेल बाबा.

गेम बाजारात सोडायची तारीख दोनदा पुढे गेली. आता पंधरा एप्रिल म्हणतो. ही चुकली तर सगळं पुसून टाकून भावोजींच्या ओळखीच्या त्या गोदामात कामाला जाणार, असं त्याच्याच तोंडून निघालंय. तू म्हणशील, बरंच झालं, खोली मोकळी होईल. पण ताई, हा पोरगा लहानपणापासून तोंड उघडत नाही म्हणून तर आपण त्याला घुम्या म्हणतो, आणि ह्या गेमबद्दल सांगताना त्याचे दोन्ही हात हलतात. हे पुसून टाकलं तर पुन्हा कशासाठी बोलेल, मला दिसत नाही.

खेळून बघणाऱ्यांत त्याने मला घेतलंय आणि तुलाही पाठवतोय. चार गोष्टी करता येतात. पुढे सरकायचं, मागे वळून बघायचं, खाली बसायचं, नाहीतर दुसऱ्याला आपल्या पुढे सोडायचं. मी हॉलच्या मधल्या खांबापर्यंत पोचले आहे. तिथे पाण्याचा नळ आहे. आता मी तिथून हलत नाही, तुझी जागा धरून ठेवते. मागचे ओरडले तर सांगते आमचं माणूस येतंय. पाय उचल जरा.

लोभ कमी करू नकोस, आहे तोच पुरत नाही.

तुझी,
धाकटी

•

दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

पत्र मिळालं. सुनेला द्यावं लागलं नाही, तुझं अक्षर मला तुझ्या आवाजासारखंच ओळखू येतं. दोन्ही वरच्या पट्टीत.

घुम्याने पाठवलेलं सुनेने तिच्या जुन्या टॅबवर घालून दिलं. पाळणाघरातली पोरं दुपारी झोपली की मी घेऊन बसते. पहिल्या दिवशी नुसता हॉल बघितला. किती छान काढलाय गं. फरशी, उंच खिडक्या, आणि पुढे एवढी माणसं, सगळ्यांच्या पाठी. पाठी बघून माणूस ओळखायचा खेळ आहे का हा? मला तसंच वाटलं. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, आई, तुम्हाला वाटेल तसं खेळा.

मी अजून दारापाशीच आहे. मागे एक खोकणारा म्हातारा होता, त्याला पुढे सोडला. मग पक्ष्याचा पिंजरा घेतलेली बाई होती, पक्षी तरी किती वेळ ताटकळेल म्हणून तिलाही. तू लगेच म्हणशील, ताई, अशाने तू मेलीस तरी पोचणार नाहीस. येतेय मी. लहानपणी तू पुढे पळायचीस आणि पिशव्या घेऊन मी मागून यायचे, पण यायचे की नाही?

घुम्याला म्हणावं तारीख धरून ठेव. गोदामात बोलायला माणूस नाही, नुसती खोकी.

तुझे भावोजी बरे आहेत. आपण पत्र लिहितो याचं सगळं श्रेय घेत फिरतात.

इथून माया पाठवते आहे, पोच दे.

तुझी,
ताई

•

दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कुठे आहेस तू? मी रोज संध्याकाळी काम आवरलं की फोन उघडून त्या खांबापाशी उभी राहते. मागचा छत्रीवाला रोज तेच तेच पुटपुटतो, बाई सरका, बाई सरका. त्याला उलटं बोलायची सोय गेममध्ये नाही, ते मी घुम्याला लिहून कळवलंय. परवा तर एक शिपाई आला आणि मला चक्क ढकलून गेला. आधी नव्हता हा. मी परत जागेवर येऊन उभी राहिले. मला ढकलतोस काय!

इकडे घुम्याचं डोकं फिरलंय. खेळणारे काय काय करतात ते सगळं त्याला पडद्यावर दिसतं. कोण करतं ते दिसत नाही, नावं मुद्दाम ठेवलेली नाहीत, म्हणजे लोक मोकळे वागतात म्हणे. तर त्यात दोन महाभाग निघालेत. बाकीचे कुरकुरत का होईना खिडकीपर्यंत जातात. ह्यातला एक अर्ध्या वाटेत ठोकळ्यासारखा उभाच. रोज येतो, उभा राहतो, जातो. दुसरा त्याहून येडा. येईल त्याला पुढे सोडतो. मध्यापर्यंत आला होता आणि सोडत सोडत पार दाराशी गेला. खिडकी पुढे आहे एवढं ज्याला कळत नाही त्याच्या हातात गेम द्यावाच कशाला? मी पण उभी आहे, पण मला कारण आहे.

घुम्या म्हणतो, असे दोघे म्हणजे बाजारात गेल्यावर शेकडो. म्हणजे त्याचं गणित चुकलंय, माणसाला पुढे जावंसंच वाटत नाहीये. त्या ठोकळ्यासाठी त्याने तो शिपाई बसवलाय. दुसऱ्यासाठी ते पुढे सोडायचं बटणच काढून टाकणार. आणि एवढं सगळं करायचं तर पंधरा एप्रिल जमत नाही म्हणतो. मी म्हटलं मग? तर खांदे उडवले. काल कपाटातून कुरियरवाल्यांनी दिलेलं ते अनुभवाचं पत्र काढून टेबलावर ठेवलंय, गोदामात दाखवायला.

मला काही सुचत नाही ताई. दोन फालतू माणसांपायी माझ्या पोराचं बुडायची वेळ आलीय. मला नुसते सापडू देत.

तू लवकर ये. लोभ आहेच माझा, फक्त तो आता खांबाला टेकून आहे.

तुझी,
धाकटी

•

दि. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि माझं जे होतंय ते कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुलाच सांगते.

मी आले होते. हळूहळू का होईना, खांबापर्यंत आले. तिथे खांबाच्या कडेला तू होतीस. हिरवी पिशवी, ताठ मान, पाठ माझ्याकडे. मला इतका आनंद झाला. मी तुला माझ्या पुढे घेतलं, की दोघी लागून उभ्या राहू. टॅब मांडीवर घेऊन मी तुझ्याशी बोलले सुद्धा. ऐकू जात नाही हे मला कळतं, तरी बोलले. माझा गुडघा, सुनेचा अबोला, जे फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच तोडतेस, ते सगळं. आणि तू एकदाही मागे वळून न बघता खिडकीकडे निघून गेलीस.

मग वाटलं, ती तू नसशील. तू अजून मागे असशील. म्हणून मी येईल त्याला पुढे सोडत सोडत परत दाराशी आले. प्रत्येकाकडे नीट बघितलं. तू कुठेच नव्हतीस. म्हणजे ती तूच होतीस.

जागा धरते म्हणाली होतीस. मी काही तुझ्याकडे मागितली नव्हती. तुला थांबवत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण निदान लिहू नये मग, की मी रोज उभी आहे.

त्या दुसऱ्या माणसाला येडा म्हणू नकोस. त्यालाही काही कारण असेल.

घुम्याची काळजी वाटते. बाकी ठीक.

माया आहे. आज मोजकी पाठवते.

तुझी,
ताई

•

दि. १६ मार्च

ताईस,
न. वि. वि.

मी पुढे गेले? मी? अंगठा दुखेस्तोवर मी त्या खांबाला चिकटून उभी आहे, शिपायाचे धक्के खातेय, आणि तू कुठल्या भलत्या बाईला पुढे घालून माझ्या नावाने खडे फोडतेस? हिरवी पिशवी मी जन्मात वापरली नाही. सख्खी बहीण पाठीवरून ओळखता येत नाही तुला, आणि मला म्हणतेस थांबवत नाही!

आणि त्या येड्याची बाजू का घेतेस? तो तुझा कोण लागतो?

तुझं पत्र घुम्यापुढे टाकलंय. म्हटलं वाच आणि सांग कोण खोटं बोलतंय. वाचता वाचता खुर्चीवरून उठला आणि खाली फरशीवरच बसला. हसतोय का रडतोय ते मला कळलेलं नाही. विचारलं तर हातानेच थांब म्हणतो.

मी आता लिहिणार नाही. लोभाचं तू बघ.

धाकटी

•

दि. १८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई लिहायला तयार नाही, म्हणून मी लिहितो. एवढं लांब पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, सांभाळून घे.

मावशी, ते दोन महाभाग तुम्हीच आहात. अर्ध्या वाटेत उभी राहिलेली आई. सगळ्यांना पुढे सोडत दाराशी गेलेली तू. मी दोन आठवडे पडद्याकडे बघून डोकं फोडत होतो, आणि त्यातली एक भिंतीपलीकडे बसून काज करत होती.

चूक माझी आहे. मी दोघींना नीट सांगायला हवं होतं. गेम एकच आहे, पण हॉल प्रत्येकाचा वेगळा. तुझ्या टॅबमधल्या रांगेत आई नाही, आईच्या फोनमधल्या रांगेत तू नाहीस. छत्रीवाला, पिंजरेवाली, हिरव्या पिशवीची बाई, ही सगळी मी रंगवलेली माणसं. त्या बाईची मान ताठ का आहे म्हणशील, तर मला माना काढता येत नाहीत, सगळ्यांच्याच ताठ आहेत. तुम्ही दोघी एकमेकींना कधी भेटूच शकला नसता. हे आईला तीन वेळा सांगितलं. ती म्हणते, मग मी इतके दिवस कुणासाठी जागा धरली?

खरं सांगू, मी पण गोंधळलोय. लोकांचं मत घेऊन गेम करायचा असं ठरवून बसलो होतो. एकाने लिहिलं, रांगेत बंदूक पाहिजे. एकाने लिहिलं, रांगच काढून टाका, सरळ खिडकी द्या. हे सगळं मी मनापासून वाचायचो. आणि सगळ्यांत जास्त वेळ खेळलेल्या दोघी कुठे पोचल्याच नाहीत. त्यांना मी चूक समजून शिपाई अंगावर घातला. आता तुमचं वागणं मत म्हणून धरू, की घरचं म्हणून सोडून देऊ? धरलं तर शिपाई काढायचा, बटण ठेवायचं, आणि गेम आहे तसा पंधराला सोडायचा. सोडून दिलं तर आणखी दोन महिने.

आई म्हणते तुझं तू बघ. असं ती कधीच म्हणत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. तू सांगशील का?

तुझाच,
घुम्या

•

दि. २६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

घुम्याचं पत्र दोनदा वाचलं, मग सुनेकडून वाचून घेतलं. सून हसून हसून ओट्याला टेकली. बरेच दिवसांनी आमच्या घरात कुणी असं हसलं, तेव्हा मी पण हसले. आतून मात्र मला अजून उलगडा होत नाही. मी त्या बाईला एवढं सगळं सांगितलं, मग ते ऐकलं कुणी? घुम्या म्हणतो ती रंगवलेली आहे. असेल. पण बोलून झाल्यावर मला दोन दिवस बरं झोपता आलं, तेही रंगवलेलंच का?

तू पुढे गेली नव्हतीस. मी उगीच लागेल असं लिहिलं. पण तूही मला येडा म्हणालीस, तेव्हा फिटलं.

घुम्याला मी वेगळं कळवलंय की मला यातलं काही कळत नाही. एवढंच सांगितलं की ते बटण काढू नकोस. खोकणारा म्हातारा मागे असताना ते नसलं तर मी टॅब बंद करून ठेवेन आणि परत उघडणार नाही. बाकी त्याचं तो ठरवेल.

आता तू लिही. माया नेहमीएवढी, वरून थोडी आगाऊ.

तुझी,
ताई

•

दि. १८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोडला बाई एकदाचा.

कसा सोडला ते मला विचारू नकोस. मला वाटलं काहीतरी दिसेल, डबा येईल, दुकानात लागेल, चार माणसं जमतील. मी सकाळपासून ठेवणीतले कपडे घालून बसले होते. घुम्याने एक बटण दाबलं, पडद्यावर दोन ओळी आल्या, आणि हा म्हणाला, झालं. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, लाँच झाला. मी खिडकीतून रस्त्यावर बघितलं. एक कुत्रं झोपलं होतं.

शिपाई काढला. बटण ठेवलं. आदल्या दिवसापर्यंत काढू-ठेवू काढू-ठेवू चाललं होतं. मी मध्ये बोलले नाही. ताई, मी न बोलता घरात बसले, हे तुझ्या सुनेला सांग, तिला खरं वाटणार नाही. शेवटी हा पॅसेजमध्ये आला, माझ्या मशीनपाशी उभा राहिला आणि विचारलं, तू तिथे उभी होतीस तेव्हा तुला कंटाळा नाही आला? मी म्हटलं आला की, खूप आला. मग गेली का नाहीस? म्हटलं, जाऊन काय करू, ताई यायची होती ना. तो आत गेला. अनुभवाचं पत्र घडी करून खणात टाकल्याचा आवाज आला.

आता लोक लिहितात, ते हा मला वाचून दाखवतो. स्वतः वाचायला घाबरतो, म्हणून मोठ्याने वाचतो, काय तर्क आहे कुणास ठाऊक. कोण लिहितं फार कंटाळवाणा. त्याचं म्हणणं बरोबरच आहे. कोण लिहितं मी सलग तीन दिवस मागच्या बाईला पुढे सोडलं आणि मला बरं वाटलं, का ते माहीत नाही. एकाने विचारलंय की मध्ये खांबापाशी थांबलं तर काही होतं का. घुम्याने उत्तर दिलं, होत नाही. त्याने परत लिहिलं, तरी मी थांबलो. आता हे कौतुक आहे का तक्रार? घुम्याला कळत नाही, मला तर नाहीच नाही. खप म्हणशील तर फार नाही, पण रोज कुणी ना कुणी घेतं. हा जेवताना बोलतो. काल इतका बोलला की ह्यांनी, रात्रपाळीहून आलेल्या माणसाने, जरा गप्प बस म्हणून सांगितलं. ह्या घरात, घुम्याला!

खिडकीत काय आहे ते मला माहीत नाही. कुणी लिहितं रडू आलं, कुणी लिहितं फसवणूक आहे. घुम्या सांगत नाही. तू जाऊन आलीस का?

लोभ आहे तिथे राहू दे, मी येऊन-जाऊन बघत असते.

तुझी,
धाकटी

•

दि. २७ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

नाही गेले. सून जाऊन आली. काय होतं विचारलं तर नुसती मान हलवते आणि म्हणते, आई, तुम्ही स्वतः जा. परवापासून मला दोनदा चहाला हाक मारली तिने.

मी आज खिडकीच्या अगदी जवळ होते. माझ्यापुढे एकच माणूस. आणि मला वाटलं, हे एकटीने नको. तुझा हॉल वेगळा, माझा वेगळा, हे मला आता पाठ झालंय. पण तुझ्या हॉलमध्ये मी येऊ शकत नसले तरी तुझ्या घरी येऊ शकते. तुझा फोन मध्ये ठेवू आणि दोघी मिळून जाऊ. बटण कुणी दाबायचं त्यावर भांडण होईल, ते समोरासमोर करू.

पाळणाघरात सुट्टी टाकली आहे. दहा मेच्या बसने निघते. तुझ्या भावोजींना इथेच ठेवून.

माया बरोबर घेऊन येते, वेगळी पाठवत नाही.

तुझी,
ताई

•

दि. २ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ये. मी अजून खांबापाशीच आहे. घुम्या म्हणतो, कुठली कुठली माणसं खिडकीपर्यंत जाऊन आली आणि माझी आई तेवढी मध्येच उभी. आहे तर आहे. छत्रीवाल्याला मी पुढे सोडून दिला, कटकट गेली.

बस वेळेवर पकड. मला वाट बघता येत नाही.

धाकटी